पैनगंगेकाठचे निसर्गशिबिर : स्थळ, कायदा आणि दक्षता

प्रस्तावना :
पदवीस्तरावरील पर्यावरण अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीस स्थान असल्याने यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांचे लक्ष पैनगंगेच्या काठाकडे जाणे स्वाभाविक आहे. वाळवंटात तंबू, सकाळी रानवाटेने भ्रमंती आणि रात्री शेकोटी अशी कल्पना त्यामागे असते. तथापि, असे शिबिर कोठे व कोणत्या मर्यादेत घेता येते, याचा विचार आयोजनापूर्वीच होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

स्थळवैशिष्ट्ये :
अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखत पुढे वर्धा नदीस मिळते. इसापूर धरणाच्या खालच्या अंगास, उमरखेड तालुक्याच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे. याच पट्ट्यात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर सहस्रकुंड धबधबा काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळतो. पांढरकवडा-घाटंजी परिसरातील टिपेश्वर अभयारण्य (१९९७) सुमारे १४८ चौ. कि. मी. क्षेत्राचे असून तेथील सागवानी पानझडी वनात वाघांचा अधिवास आहे.

कायदेशीर स्वरूप :
अमेरिकेत राज्यांच्या अखत्यारीतील उद्यानांची परंपरा जुनी आहे. १८६४ मध्ये योसेमिटी खोरे कॅलिफोर्निया राज्याकडे सोपविताना लोकांचा वापर व मनोरंजन हा हेतूच नमूद होता. अशा उद्यानांत मुक्कामाच्या जागा आखून दिलेल्या असतात. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील अभयारण्याचा मूळ हेतू मात्र संरक्षण हा आहे. कलम २७ नुसार परवान्याशिवाय अभयारण्यात प्रवेश आणि वास्तव्य या दोहोंवर निर्बंध आहे. कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन इत्यादी प्रयोजनांसाठी परवाना देता येतो. तो ज्या अटींवर मिळेल, त्या अटींतच शिबिराची मर्यादा ठरते. दिवसाच्या प्रवेशाचा परवाना म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची अनुमती नव्हे. कलम ३० अभयारण्यास धोका होईल अशा रीतीने आग पेटविण्यास किंवा जळती ठेवण्यास मनाई करते. सबब, वाळलेल्या पानांचा थर असलेल्या सागवनात शेकोटीचा विचारच करू नये.

ऋतुविचार :
पावसाळ्यात वरच्या भागातील पावसाने किंवा धरणाच्या विसर्गाने पाणी अल्पावधीत चढू शकते. शिबिरस्थळी आकाश निरभ्र असले तरी नदी सुरक्षित असतेच असे नाही. उन्हाळ्यात नाले आटतात व उरलेल्या डोहांवर वन्यप्राणी अवलंबून राहतात. अशा वेळी काठावर तंबू ठोकणे म्हणजे त्यांची पाण्याची वाट अडविणे होय. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ तुलनेने योग्य ठरतो. तेव्हाही तंबू वाळवंटात न लावता पूररेषेच्या वर, प्राण्यांच्या पाऊलवाटांपासून दूर असावेत. धबधब्याजवळील निसरडे खडक व खोल डोह यांत उतरण्यास पूर्ण मज्जाव असावा.

अभयारण्याबाहेरील मुक्काम :
सीमेबाहेरील गावात शाळा वा समाजमंदिरात मुक्काम करून सकाळी परवान्यासह, स्थानिक मार्गदर्शकासमवेत वनात जाणे हा व्यवहार्य मार्ग होय. परंतु वाघ सीमारेषा जाणत नाही. टिपेश्वरमध्ये २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ शेकडो किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा व्यक्तींच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती 'अवनी' वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. हा संघर्ष अभयारण्याबाहेरील शेतशिवारातच घडला होता. म्हणून गावातही अंधारात एकट्याने बाहेर न पडणे, शौचास समूहाने जाणे आणि ग्रामस्थांचा सल्ला मानणे अनिवार्य समजावे. कोलाम, गोंड, आंध या समाजांचे वनविषयक ज्ञान हा शिबिरातील मोलाचा पाठ ठरू शकतो.

निष्कर्ष :
निसर्गशिबिर ही सहल नसून अध्यापनाचाच भाग आहे. वनविभागाची लेखी परवानगी, पालकांची संमती, प्रथमोपचाराची सोय व विसर्गाची आगाऊ चौकशी या चार बाबींची पूर्तता झाल्याविना विद्यार्थ्यांस नदीकाठी नेऊ नये. परवानगीचा अर्ज लिहितानाच विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतल्यास कायद्याचा पाठ वर्गातच सुरू होतो.