झाडाखाली सावलीपेक्षा तहान मोठी

बेंगळुरूतल्या चिकपेटच्या गल्ल्यांत बाग म्हणजे गच्चीवरच्या चार कुंड्या. तिथून कोणी जयनगर-बसवनगुडीकडे राहायला गेलं की आवारात एखादं जुनं आंब्याचं नाहीतर फणसाचं झाड मिळतं, आणि त्याखालचा वाफा वर्षानुवर्षं उजाड राहतो. कारण एकच सांगितलं जातं : सावलीत काही येत नाही.

निदान बेंगळुरूत तरी ही समजूत टिकू नये. इथली कॉफी ज्या कोडगू-चिक्कमगळूरच्या मळ्यांतून येते, तिथं कॉफीची झुडपं उंच झाडांच्या सावलीतच वाढवतात आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. गोव्याच्या कुळागरात माडा-पोफळीखाली केळी, मिरी, जायफळ, अननस एकत्र नांदतात. सावलीत फुलं येत नाहीत, हेही तितकंच चुकीचं. चिकपेटला लागून असलेल्या के. आर. मार्केटात कनकांबर म्हणून ज्या फुलांचे गजरे विकतात, ती आपली आबोली. तिला विरळ सावली मानवते. सोनटक्काही अर्धवट सावलीत फुलतो, फक्त त्याच्या मुळाशी ओल हवी.

मात्र सगळ्या झाडांची सावली सारखी नसते. आंबा, फणस बाराही महिने दाट असतात. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांची पानं बारीक, त्यामुळे खाली कवडसे पडतात. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झाडतो, तेव्हा त्याच्याखाली काही दिवस चक्क ऊन असतं. रोपं आणण्याआधी भर दुपारी वाफ्यावर हात धरून पाहावा. हाताची सावली रेखीव पडली, तर आबोलीला पुरेल इतका उजेड आहे. ती जेमतेम उमटली, तर फुलांचा नाद सोडून पानांच्या शोभेकडे वळावं.

सगळ्यात जास्त रोपं मारणारा गैरसमज वेगळाच आहे : सावलीत पाणी कमी लागतं. कुंडी व्हरांड्यात ठेवली तर हे खरं, झाडाखाली नाही. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. म्हणजे नवं रोप ज्या थरातून पाणी पिणार, तो थर आधीच व्यापलेला असतो. शिवाय हलकी सर आली तर तिचं बरंचसं पाणी पानांवरच अडून वाळून जातं. रस्ता भिजलेला दिसतो, वाफा मात्र कोरडा. म्हणून इथं रोप निवडताना ते सावली सोसतं का, एवढं विचारून भागत नाही. कोरड सोसतं का, हेही विचारावं लागतं. सान्सेवेरिया, झेडझेड, ड्रॅसिना या कसोटीला उतरतात. सिंगोनियम आणि मनीप्लांट जमीन झाकतात. नेचे आणि पीस लिली सुंदर दिसतात, पण रोजचं पाणी देणं जमणार असेल तरच आणावीत.

मुळं आड येतात म्हणून बुंध्याभोवती फूटभर माती चढवून वाफा बांधण्याची पद्धत तर झाडाच्याच जिवावर उठते. मुळांना हवा मिळत नाही, बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते. बुंध्याचा तळ उघडाच ठेवावा. जाड मुळं न तोडता त्यांच्या मधल्या जागांत लहान खड्डे घ्यावेत आणि रोपंही लहानच लावावीत. ती मोठ्या रोपांपेक्षा लवकर रुजतात.

हरळीचं लॉन झाडाखाली करू नये, तिला भरपूर ऊन लागतं. क्रोटन जगतो, पण त्याचे रंग उतरून तो हिरवट होतो. आणि गळलेली पानं कचरा समजून जाळणं तर थांबवायलाच हवं. दोन-तीन इंचांचा पाचोळ्याचा थर ओल धरून ठेवतो आणि कुजून खत होतो. फक्त तो बुंध्याला टेकू देऊ नये.

चिकपेट स्थानकातून मेट्रोच्या ग्रीन लाइननं लालबाग तिसऱ्या स्थानकावर आहे. हैदर अलीनं 1760 मध्ये सुरू केलेली ही बाग आज 240 एकरांची आहे. रोपवाटिकेत जाण्याआधी तिथल्या जुन्या झाडांखाली काय तगलंय, ते शांतपणे पाहून घ्यावं. लागवड जूनच्या पहिल्या पावसावर करावी. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस पुन्हा जोर धरतो, त्यामुळे रुजायला चांगला काळ मिळतो. जानेवारीपासून मात्र पाणी आपणच घालायचं. निदान पहिलं वर्षभर तरी.