माणिक चौकातील गाणे

नंदुरबारच्या बाजारपेठेत एकाच दुकानाच्या उंबरठ्यावर तीन-चार भाषा सहज ऐकू येतात. शेठ आणि मुनीम आपसांत गुजरातीत बोलतात, गिऱ्हाईक अहिराणीत किंवा भिलीत भाव विचारते आणि पावती मराठीत फाडली जाते. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि भुसावळ जोडले गेले, त्याच्याही आधीपासून गुजरातेतील व्यापारी घराणी या भागात येऊन स्थिरावली होती. त्यांनी येथे पेढ्या थाटल्या, मुलांना येथल्या शाळांत घातले. घरातील भाषा मात्र गुजरातीच राहिली. स्तवने गुजरातीत, अंगाईही गुजरातीत. म्हणूनच ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावातील शाळकरी मुलांनी जी प्रभातफेरी काढली, तीत घुमलेले गाणे गुजराती होते, याचे त्या वेळी कोणालाच नवल वाटले नसेल.

ते गीत तिरंग्याविषयीचे होते. ‘चले जाव’च्या ठरावाला महिना उलटला होता, मोठे पुढारी तुरुंगात होते आणि चळवळीचा भार गावोगावच्या मुलांनी उचलला होता. नंदुरबारच्या त्या मिरवणुकीत शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता हा एका गुजराती व्यापारी कुटुंबातील मुलगा ध्वज घेऊन होता. २८ डिसेंबर १९२६ हा त्याचा जन्मदिवस. म्हणजे वयाचे सोळावे वर्ष चालू होते. मिरवणूक माणिक चौकात आली तेव्हा पोलिसांनी ती अडविली. अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली तेव्हा शिरीष पुढे सरसावला आणि गोळी मारायचीच तर मला मारा असे म्हणाला, ही हकीगत खानदेशात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. गोळीबार झाला. शिरीषकुमारबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे त्याचे साथीदार हुतात्मे झाले. ही आडनावे एकदा सावकाश वाचावीत. मेहता, शहा, वाणी, केतकर. धुळे-जळगावच्या कोणत्याही व्यापारी पेठेच्या पाट्यांवर आजही दिसणारी, रोजच्या उठबशीतली अशी ही नावे आहेत.

तिथीने पाहिले तर तो श्रावण वद्याच्या अखेरचा बुधवार होता, म्हणजे श्वेतांबर परंपरेतील पर्युषणाच्या आठ दिवसांतला. जैन घरांत तपश्चर्या चालू असणार, सूर्यास्तापूर्वी चुली शांत होत असणार, क्षमापनेची तयारी असणार. आणि त्याच गावाच्या चौकात ही पाच मुले निःशस्त्र, गात गात गोळ्यांना सामोरी गेली. हा योगायोग आपल्या व्याख्यानांत कधी आला असेल तर तो फार थोड्यांनी ऐकला असेल.

माणिक चौकात हुतात्मा स्मारक आहे. दर वर्षी ९ सप्टेंबरला तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात. शालेय पुस्तकांमुळे शिरीषकुमारचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. पण मुलांच्या ओठांवरचे ते गाणे? त्याची चाल आज किती घरांत म्हणता येते? ज्यांनी ती बालपणी ऐकली ते नव्वदीच्या पलीकडे गेले आहेत. शब्द पुस्तकात राहतील. चाल मात्र माणसाच्या गळ्याबरोबरच जाते. धार्मिक गीतांच्या बाबतीत आपला समाज ही गोष्ट उत्तम जाणतो. म्हणून तर नव्या स्तवनावर ‘अमुक रागे’ किंवा ‘अमुक चालीवर’ असे आवर्जून लिहिले जाते.

या भागातील व्यापारी कुटुंबांची सहल बहुधा ठरलेली असते. दुकान एक दिवस बंद, दोन-तीन गाड्या, आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळे, थेपले आणि कोरडा फराळ डब्यांत, सूर्यास्ताच्या आत जेवण उरकण्याचा हिशेब. धुळे जिल्ह्यात बळसाण्याला श्री विमलनाथ भगवानांचे दर्शन हा तर जवळजवळ प्रत्येक घराचा नेम. ज्यांना डोंगर-पाणी हवे ते पाटणादेवी, पद्मालय, उनपदेव किंवा सातपुड्यातले पाल गाठतात, थोडे लांब जाण्याची हौस असली तर तोरणमाळ. गाडीत अंताक्षरी चालते आणि तीत सिनेमाची गाणी असतात. यात वावगे काहीच नाही. फक्त एवढेच, की बळसाण्याचे दर्शन घेऊन पुढे नंदुरबारला नातेवाइकांकडे जाणारी गाडी माणिक चौकाजवळून जाते आणि बहुधा थांबत नाही.

असेच चिमठाण्याचे. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तरुण त्यासाठी एवढ्या दूरवर आले होते आणि खानदेशातून त्यांना डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांच्या गटाची साथ होती. रोकड एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्याची जोखीम ज्यांनी पेढीवर वा बँकेत सांभाळली आहे, त्यांना त्या बेताची बारकाई अधिक कळेल. किती वाजता निघणार, बरोबर पहारा किती, वाट कोठे निर्जन आहे, एवढे सगळे आधी कळल्याशिवाय असे धाडस होत नाही. तेथेही स्मारक आहे. तेथेही गाड्या थांबत नाहीत.

या संदर्भात एका दूरच्या देशाकडे पाहण्यासारखे आहे. अलीकडे खानदेशातील काही कुटुंबांची मुले वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जातात, त्यामुळे मनिला हे नाव आता घरांत अगदीच परके राहिलेले नाही. मनिलाच्या मध्यभागी समुद्रालगत ‘लुनेटा’ नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. रविवारी तेथे शहरातील कुटुंबे चटया अंथरून बसतात, मुले पळतात, फेरीवाले फिरतात आणि खुल्या रंगमंचावर विनामूल्य संगीताच्या मैफली होतात. हीच ती जागा, जेथे डोळ्यांचे डॉक्टर आणि कादंबरीकार होसे रिझाल यांना स्पॅनिश राजवटीने ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घातल्या. ते तेव्हा ३५ वर्षांचे होते. पुढे १९१३ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले, त्यांच्या अस्थी त्याच स्मारकात आहेत आणि उद्यानालाही त्यांचेच नाव मिळाले. स्वातंत्र्य जाहीर झाले त्या १२ जून १८९८ रोजी हुलियान फेलिपे यांनी रचलेली धून वाजली; तिला शब्द नंतर मिळाले. म्हणजे त्या राष्ट्राचे राष्ट्रगीत आधी चालीच्या रूपाने जन्मले. पुढे अमेरिकी राजवटीने १९०७ मध्ये फिलिपिनो ध्वज फडकविण्यावर बंदी घातली. ती १९१९ पर्यंत टिकली. आज तोच ध्वज स्मारकासमोर फडकतो आणि त्याच्या सावलीत लोक डबे उघडतात. हुतात्म्याच्या जागी सहल काढणे हा त्याचा अनादर, असे तेथे कोणाला वाटत नाही. मुलांना तो माणूस ओळखीचा होतो, तो तेथे खेळता खेळताच.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक जागा धुळ्याच्या वेशीवरच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंगचा किल्ला आहे, त्याच्या पायथ्याचे कुरण पावसाळ्यात हिरवेगार होते आणि धुळेकर तेथे फिरायला जातात. त्याच परिसरातील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलैअखेर उतरले होते. न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले होते. दर वर्षी ३१ जुलैला तेथे हजारो माणसे मुलाबाळांसह जमतात. भीमगीते होतात, पुस्तके विकली जातात आणि लोक झाडाखाली बसून भाकरी खातात. गाणे, महापुरुष आणि कुटुंबाची सहल ही तिन्ही एका जागी आणण्याचे काम त्या समाजाने कोणत्याही मोठ्या देणगीशिवाय केले आहे. व्यापारी समाजाने यापासून शिकायला हरकत नसावी.

जळगावचे चित्र थोडे वेगळे आहे. तेथे सोय आहे. नाते जोडणे बाकी आहे. भाऊंचे उद्यान संध्याकाळी माणसांनी फुललेले असते. समोरच्या चौकाला ‘काव्यरत्नावली चौक’ म्हणतात. पण ‘काव्यरत्नावली’ हे फक्त कवितांना वाहिलेले मासिक होते, नारायण नरसिंह फडणीस यांनी ते १८८७ पासून याच जळगावातून चालविले आणि त्याला पुढे जवळजवळ अर्धशतक आयुष्य लाभले, हे तेथे आइस्क्रीम खाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल? केवळ कवितेचे मासिक, तेही कापूस-केळीच्या पेठेतून! जमाखर्चाच्या दृष्टीने हा व्यवसाय कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने हातात घेतला नसता. फडणीसांनी घेतला. १९०७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने जळगावला कविसंमेलन भरले आणि तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनीही लहानपणी गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूबखाँ यांच्याकडे गिरविले. शहरात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. जवळच्या आसोद्याची बहिणाबाई जात्यावर आणि शेतात ज्या ओव्या म्हणत असे, त्या मुलगा सोपानदेव टिपून ठेवीत असे, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. आईच्या गळ्यातील शब्द मुलाने वेळीच कागदावर उतरविले, एवढीच ती गोष्ट. पण तेवढे झाले नसते तर १९५१ मध्ये तिच्याबरोबर सारे संपले असते.

जैन हिल्सवरील गांधीतीर्थाचा उल्लेख या मासिकाच्या वाचकांपुढे विस्ताराने करण्याची गरज नाही. कै. भवरलालजी जैन यांच्या संकल्पनेतून ते उभे राहिले आणि २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पाहुणे आले की त्यांना तेथे नेणे हा आता जळगावातील घरांचा शिरस्ता झाला आहे, आणि आपल्यातील एका व्यापाऱ्याने हे केले याचा अभिमान वाजवीच आहे.

अमळनेर मात्र वाटेत राहून जाते. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षे साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांचे अंथरूण-पांघरूण नीट करण्यापासून त्यांना गाणी शिकविण्यापर्यंत सारे त्यांनी केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांचा ‘पत्री’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील देशभक्तीच्या कवितांचा परिणाम पाहून सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. आज शाळाशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या त्या कविता एके काळी जप्तीचा माल होत्या! धुळ्याच्या कारागृहात १९३२ साली विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात गीतेवर दर रविवारी जी प्रवचने दिली, ती उतरवून घेणारेही साने गुरुजीच. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखे कोट्यधीश व्यापारीही कैदी म्हणून बसलेले होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज अनेक भाषांत आहे आणि त्याचा जन्म धुळ्याचा आहे.

शाळांच्या सुट्या लागल्या की घरोघरी पुन्हा सहलीचे बेत होतील. बळसाण्याच्या वाटेवरून नंदुरबारला जाणाऱ्या कुटुंबांनी माणिक चौकात अर्धा तास काढणे अवघड नाही. स्मारक पेठेतच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, तळोदे येथील ज्या घरांत नव्वदीतले आजोबा-आजी आहेत, त्यांना ते ध्वजगीत म्हणायला सांगावे आणि नातवंडांनी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे. शब्द चुकले तरी चालतील, दम लागला तर मध्ये थांबू द्यावे. गुजराती येणाऱ्या आईने मुलांना अर्थ सांगावा. पुढच्या ९ सप्टेंबरला चौकात जमणाऱ्यांपैकी चार मुलांनी जरी ते त्याच चालीत म्हटले, तरी गर्दीतील एखादे म्हातारे माणूस नक्की मान वर करून पाहील.