जाम झालेला बोल्ट

इंजिन खोलणे म्हणजे ताकदीचे काम, असा आपल्या वर्गात समज आहे. माझे वडील छत्रपती संभाजीनगरात जालना रोडलगत मोटारी दुरुस्त करतात. सुटीत मी त्यांच्या हाताखाली असतो. तिथे ताकद सर्वांत शेवटी वापरतात.

बोल्ट जाम का होतो? गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बोल्टला आवळतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर बोल्टचे डोके तुटते, धड ब्लॉकमध्ये अडकते. मग ते ड्रिलने पोखरायचे. त्यात आटे गेले तर गिऱ्हाइकाशी वाद आणि दिवसाची मजुरी बुडालीच!

म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासायचे, तेल सोडायचे व रात्रभर थांबायचे. सकाळी डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे ठोके. गंज तडकतो, तेल आत उतरते. तरीही न हलल्यास तेल पुसून भोवतालचा भाग तापवायचा. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, भोक सैल होते. मात्र अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. (पेट्रोलची नळी जवळ असेल तर ज्योत पेटवायचीच नाही.)

बोल्ट किंचित हलला की नवशिका तो फिरवतच सुटतो. बाबा पाव फेरा सैल करतात, तेल सोडतात, थोडा पुन्हा घट्ट करतात, मग परत सैल. एका बोल्टला कधी अर्धा तास जातो. गिऱ्हाईक घड्याळ पाहत असते. बाबा पाहत नाहीत.