ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी पायाचं बोट काळं का पडतं?

कोरोनात गावोगावी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावायचा, आकडा बघायचा. माझ्या चुलत्यांना जुनी शुगर. पायाची जखम दोन महिने भरत नव्हती, पण घरात सगळे म्हणायचे, "ऑक्सिजन ९८ आहे, काळजी नाही." शेवटी अंगठा काढावा लागला.

मशीन खोटं बोललं नव्हतं. ते हाताच्या बोटातल्या रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतं. पायाच्या मांसापर्यंत तो पोचतोय का, हे सांगत नाही. विहीर भरलेली असली, तरी ठिबकची नळी क्षाराने तुंबली तर शेवटची झाडं सुकणारच. शुगर आणि तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या अशाच अरुंद होतात.

मग थेट मांसातला ऑक्सिजन मोजता येईल का? अमेरिकेतील प्रोफ्युसा कंपनीने त्यासाठी कातडीखाली सुईने सोडायचा सेन्सर तयार केला आहे. लांबी सुमारे ५ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर.

अडचण होती शरीराचीच. काटा मोडून आत राहिला की शरीर त्याला वेढून टाकतं. कडक सेन्सरचंही तेच होतं, मग आकडे चुकतात. म्हणून हा सेन्सर मऊ, स्पंजासारख्या जेलचा केला. त्याच्या छिद्रांत पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर त्याला परका मानत नाही.

आत बॅटरी नाही, तार नाही. फक्त चमकणारा रंग आहे. वरून प्रकाश टाकला की तो चमकतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर चमक लवकर विझते, कमी असेल तर रेंगाळते. कातडीवर ठेवलेलं यंत्र तेवढंच मोजतं. पहिल्या स्वयंसेवकांमध्ये हे सेन्सर चार वर्षांनंतरही चालू असल्याचं २०१८ मध्ये संशोधकांनी सांगितलं. रक्तवाहिनी मोकळी केल्यावर पायाला खरंच फायदा झाला का, हे डॉक्टरांना यातून कळू शकतं.

आपल्या तालुक्यात हे यायला वेळ आहे. तोवर शुगरवाल्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल, पाय गार पडत असेल किंवा जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून बघायला सांगा. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर पाय सोडू नका.