पोटातले दिवस

आपल्या भाषेत बाईला 'दिवस जातात'. गाय गाभण राहते, म्हैस गाभण राहते, शेळीही गाभणच राहते. दिवस जातात ते फक्त माणसाच्या बाईला. गंमत अशी, की आपल्या खेड्यांत दिवसांचा चोख हिशेब ठेवला जातो तो म्हशीचा. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर भागातल्या कुठल्याही गावात दावणीपाशी उभे राहा आणि विचारा, ही कधी व्यायची? उत्तर तयार असते : "पोळ्याले फळली होती, म्हंजे आखाडात वेईन." पोळा ते आषाढ, दहा महिने आणि वर दहा दिवस. पंचांग न उघडता केलेला हा हिशेब पशुवैद्यकाच्या पुस्तकातल्या ३१० दिवसांशी बरोबर जुळतो.

दावणीशी वाढलेल्या तिसरी-चौथीतल्या पोराला हे सारे ठाऊक असते. शेळी पाच महिन्यांची, गाय सव्वानऊची, म्हैस सव्वादहाची, हे त्याला पाढ्यांआधी पाठ होते. पण वर्गात विषय निघाला की मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते आणि गुरुजी घाईघाईने पान उलटतात. मला हे नेहमी विचित्र वाटत आले आहे. मुलांचे प्रश्न अगदी सरळ असतात. हत्तीचे पिल्लू इतके दिवस पोटात काय करते? मांजरीला इतकी घाई का?

घाईचे म्हणाल तर उंदरीण सगळ्यांच्या पुढे. वीस दिवसांत ती मोकळी होते. कुत्री आणि मांजर दोन महिने, डुकरीण तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, घोडी अकरा महिने. गाढवीण तर पुरते वर्ष घेते. 'गाढव' म्हणून ज्याला हिणवतो, त्याच्या आईने आपल्या आईपेक्षा तीन महिने जास्त ओझे वाहिलेले असते. सांडणी तेरा महिने आणि हत्तीण बावीस. हत्तीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन शंभर किलोच्या घरात असते.

यावरून मूल लगेच नियम काढते : जनावर मोठे तेवढे दिवस जास्त. नियम बराचसा खरा आहे, पण पुरता नाही. समुद्रातला निळा देवमासा हत्तीपेक्षा कितीतरी मोठा. त्याचे पिल्लू जन्मतानाच दोन-तीन टनांचे, तरी त्याची मादी वर्षभरातच मोकळी होते. इकडे वाघीण आणि रोहीची मादी वजनाने फार लांबच्या नव्हेत. रोहीला आठ महिने लागतात, वाघिणीला जेमतेम साडेतीन. असे का?

याचे उत्तर शोधायला वाघिणीकडे जाण्याची गरज नाही. कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. २००० साली जाहीर झालेले, १८ चौरस किलोमीटरच्या थोडे वर. मोठे म्हणावे असे नाही. माळरान, गवत, मधून मधून बाभळी. इथली काळविटाची मादी सुमारे सहा महिने गर्भ वाहते आणि बहुधा एकच पाडस देते. ते उघड्या माळावर जन्मते. ना गुहा, ना बीळ. म्हणून ते तयार होऊनच बाहेर येते : डोळे उघडे, अंगावर केस, थोड्याच वेळात पायांवर उभे. पहिले काही दिवस आई त्याला गवतात दडवून दूर चरते आणि पाजण्यापुरती येते. या दिवसांत त्याला वाचवते ते उंच गवत आणि त्याचे स्वतःचे निश्चल पडून राहणे. गवताला लागलेली आग आणि गावातली मोकाट कुत्री यांच्यापुढे मात्र दोन्हींचे काही चालत नाही. सहा महिन्यांची कमाई एका दुपारी जाते. काळविटे आणि रोही सोयाबीन-तुरीत शिरतात म्हणून आमचा शेतकरी वैतागलेला असतो, त्याचा वैताग खोटा नाही. पण कुत्र्याने फाडलेले पाडस बांधावर दिसले की तोच शेतकरी हळहळतो, हेही खोटे नाही.

वाघिणीचे गणित उलटे. ती शिकार करून जगते. जड पोटाने तिला सांबरामागे धावता येत नाही. तिला आडोसा मिळतो, त्यामुळे बछडे आंधळे, दुबळे जन्मले तरी चालते. पोटात करायचे काम ती दुधावर, बाहेर करते. सशांतही हाच फरक सापडतो. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा बिळात राहणाऱ्या जातीचा. त्याची पिल्ले महिन्याभरात, उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या तुरीच्या शेतातून उडी मारून पळणारा रानससा बीळ करत नाही. त्याच्या मादीला जवळपास दीड महिना लागतो, आणि पिल्लू केसांसकट, डोळे उघडून जगात येते. दोघांनाही आपण ससाच म्हणतो!

कांगारूने तर हा प्रकार टोकाला नेला आहे. तेहतीस दिवसांत शेंगदाण्याएवढा जीव बाहेर येतो, सरपटत आईच्या पिशवीत शिरतो आणि पुढचे महिने तिथेच काढतो. थंड मुलखातल्या अस्वलाची चाल आणखी वेगळी. त्यांचा संयोग उन्हाळ्याच्या तोंडी होतो, पण गर्भ रुजायचा थांबून राहतो. थंडी जवळ आली, अस्वलीण गुहेत शिरली, की मग वाढीला लागतो. वटवाघळांतही असले चमत्कार आहेत. आपल्या नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या गर्भावर वर्षानुवर्षे काम केले. विदर्भातल्या किती शाळांत त्यांचे नाव सांगितले जाते, कोण जाणे.

म्हशीच्या ३१० दिवसांशी माझा संबंध आला तो बँकेच्या टेबलामागून. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभरच्या सर्व विकास गटांत लागू झाला, आणि १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन होईपर्यंत आम्ही कर्जाने म्हशी वाटल्या. योजना आखणाऱ्याला हिशेब कळत होता. एक म्हैस आधी द्यायची, दुसरी सहा महिन्यांनी. म्हणजे पहिली आटली की दुसरी दुधावर असेल आणि हप्ता चुकणार नाही. कागदावर हे सुंदर होते. प्रत्यक्षात कधी दोन्ही म्हशी एकाच बाजारात, एकाच दिवशी खरेदी व्हायच्या आणि एकदमच आटायच्या. कधी पहिलीचे हप्ते थकले म्हणून दुसरी यायचीच नाही. म्हशीला दिवस लागतात ३१०. व्यायल्यावर पुन्हा फळायला चांगल्या गोठ्यातही दोन-तीन महिने जातात, आणि उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, मालकाच्या लक्षातच येत नाही. दोन वेतांतले अंतर असे तेरा महिन्यांवरून दीड वर्षावर जाते. हप्ता मात्र दर महिन्याचा. एका शाखेत हप्ता थकलेली एक बाई मला म्हणाली होती, "साहेब, तुमचं कॅलेंडर अन् म्हशीचं कॅलेंडर एक नाही ना." वसुलीच्या अहवालात हे वाक्य लिहायला रकाना नव्हता.

आता माणसाकडे येऊ. 'नऊ महिने नऊ दिवस' हा आपला जुना हिशेब. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. दोन्ही आकडे जवळजवळ एकच. प्रत्यक्ष गर्भाचे वय त्याहून दोन आठवड्यांनी कमी असते. इतके दिवस घेऊनही माणसाचे पोर पाडसासारखे उठून उभे राहत नाही. चालायला त्याला आणखी वर्ष लागते. डोके मोठे, आईच्या कमरेची वाट अरुंद, म्हणून ते लवकर बाहेर येते, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. आईचे शरीर त्याहून अधिक पोसूच शकत नाही, असे दुसरे म्हणतात. वाद मिटलेला नाही.

पण सदतीस आठवड्यांच्या, म्हणजे २५९ दिवसांच्या आत जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे, याबद्दल वाद नाही. आणि इथे आमच्या जिल्ह्याची दुखरी जागा आहे. दीड-दोन किलोचे मूल हातात आले, तर ते अपुऱ्या दिवसांचे आहे की पुऱ्या दिवसांचे पण पोटात उपाशी राहिलेले, हे कळायला आईची तारीख हवी. दोघांची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. सोयाबीनच्या सोंगणीत, तुरीच्या कापणीत दिवसभर वाकलेल्या बाईला ती तारीख आठवतेच असे नाही, आणि घरातही कुणी विचारलेली नसते. म्हैस कधी फळली ते घरातल्या सगळ्यांना माहीत. सुनेची तारीख सासूलाही नाही. २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव आले. त्या कार्यक्रमात जे आकडे मोजतात, त्यांत एक असा आहे : किती गरोदर बायांची नोंद पहिल्या तीन महिन्यांत झाली. आशाताई दारोदार हिंडतात त्या याचसाठी. नोंद लवकर झाली तर रक्त तपासले जाते, लोहाच्या गोळ्या वेळेत सुरू होतात आणि तारीख कार्डावर चढते.

शाळेत याचा एक साधा खेळ करता येईल. एक लांब सुतळी घ्यावी, एका दिवसाला एक सेंटिमीटर. उंदराची वीस सेंटिमीटर, हाताच्या वितीत मावणारी. शेळीची दीड मीटर, चौथीतल्या पोराच्या डोक्यावरून जाणारी. म्हशीची तीन मीटर दहा. हत्तीची साडेसहा मीटर, ती फळ्यापासून निघून बहुधा वर्गाच्या दाराबाहेर ओसरीवर जाईल, आणि पोरे तिच्यामागे धावतील. माणसाची दोन मीटर ऐंशी. या शेवटच्या सुतळीवर ८४ सेंटिमीटरला, म्हणजे बारा आठवड्यांवर, लाल रंगाची गाठ मारावी आणि पोरांना सुतळी घरी न्यायला सांगावे. ही गाठ कशाची, असे घरातले कुणीतरी विचारीलच.