कलावंताचे घर एक दस्तऐवज : चाळीसगाव येथील केकी मूस यांची वास्तू व संग्रहालय

प्रस्तावना :

खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास किंवा मराठी विभागाची शैक्षणिक सहल चाळीसगाव तालुक्यात आली, की ती बहुधा पाटणादेवी व पितळखोरा लेणी या दिशेने जाते. पाटण येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या घराण्याची विद्यापरंपरा विद्यार्थ्यांना सांगता येते, हे योग्यच आहे. मात्र ज्या चाळीसगाव स्थानकावरून या सहली पुढे जातात, त्या स्थानकाच्या जवळच कलामहर्षी केकी मूस यांचे निवासस्थान आहे. तेथे हे विद्यार्थी क्वचितच थांबतात. एकाच कलावंताला वाहिलेले, त्याच्या राहत्या घरातच उभे असलेले संग्रहालय महाराष्ट्रात विरळा. कोल्हापूर येथील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाचा या संदर्भात उल्लेख करता येतो. अशा वास्तूकडे अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कलावंत आणि वास्तू :

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. विल्सन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले व तेथे त्यांनी व्यावसायिक चित्रकलेचे आणि छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावी परतले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंतचे सुमारे अर्धशतक त्यांनी जवळजवळ संपूर्णपणे याच घरात व्यतीत केले. आपल्या घराला त्यांनी ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ असे नाव दिले होते. चित्रकला, छायाचित्रण, शिल्प, काष्ठकाम, कागदाच्या घड्यांची कला, संगीत अशा अनेक क्षेत्रांत त्यांचा संचार होता. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या कला प्रतिष्ठानाने या वास्तूचे व संग्रहाचे जतन केले आहे.

घराबाहेर न पडण्याच्या त्यांच्या या व्रताभोवती एक आख्यायिका गुंफली गेली आहे. मुंबईत असलेली प्रेयसी एक दिवस पंजाब मेलने येईल, या आशेने ते प्रतिरात्री गाडी स्थानकातून जाईपर्यंत दार उघडे ठेवून वाट पाहत असत, असे सांगितले जाते. कथा हृद्य आहे आणि अभ्यागतांच्या स्मरणात तीच राहते. परंतु कलावंताच्या आकलनाच्या दृष्टीने तिचा एक तोटाही आहे. मूस यांच्याविषयी लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक मजकुरात विरहाला जितकी जागा मिळते, तितकी त्यांच्या कामाला मिळत नाही. बंद दारामागे हा मनुष्य पन्नास वर्षे काय करीत होता, हा प्रश्न खरे तर अधिक महत्त्वाचा आहे.

मेजावरील सृष्टी :

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ‘टेबल टॉप’ छायाचित्रांत सापडते. या प्रकारात मेजाच्या पृष्ठभागावर घरगुती वस्तूंची लहानशी रचना करून तिचे असे छायाचित्र घेतले जाते, की पाहणाऱ्यास ते विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटावे. पीठ किंवा मीठ बर्फ होते, वाळकी काटकी निष्पर्ण वृक्ष होते, आरसा जलाशय होतो, पिंजलेला कापूस धुके होतो. तंत्रदृष्ट्या यात तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे कॅमेऱ्याची उंची. भिंग मेजाच्या पातळीजवळ आणले, की क्षितिज निर्माण होते. दुसरी प्रकाशाची दिशा. एकाच बाजूने येणारा तिरपा प्रकाश लांब सावल्या पाडतो व सकाळ-संध्याकाळचा आभास देतो. तिसरी गोष्ट भिंगाच्या लहान छिद्राची. त्यामुळे जवळचे व दूरचे दोन्ही सुस्पष्ट येते. अशा वेळी प्रकाश आत येण्यास बराच वेळ द्यावा लागतो, पण वस्तू हलत नसल्याने त्याची अडचण नसते. वस्तूचा खरा आकार ओळखू येईल अशी कोणतीही खूण चौकटीत राहू न देणे, हे या साऱ्यामागील कौशल्य होय.

मूस यांनी पंडित जवाहरलाल नेहरू, विनोबा भावे यांच्यासारख्यांची व्यक्तिचित्रेही टिपली. परंतु त्यांच्या एकांतवासाची आणि कलेची सांगड या मेजावरील रचनांतच सर्वाधिक स्पष्ट दिसते. बाहेरच्या निसर्गाकडे न जाता त्यांनी तो खोलीत घडविला. रखरखीत उन्हाच्या चाळीसगावात बसून त्यांनी रचलेली हिमदृश्ये पाहताना हे विशेष जाणवते. त्यांचे घर म्हणजे या चित्रांची केवळ निर्मितिस्थळे म्हणून पाहण्याची जागा नव्हे; त्या घरातील वस्तू हीच चित्रांची सामग्री होती. येथूनच जतनाचा एक वेगळा प्रश्न उपस्थित होतो. एरवीच्या संग्रहालयात भिंतीवरील चित्र मौल्यवान आणि मेजावरील किरकोळ वस्तू दुय्यम मानली जाते. येथे ती किरकोळ वस्तू चित्राची किल्ली असू शकते. स्वच्छतेच्या उत्साहात ती हलविली वा टाकून दिली, तर चित्र शिल्लक राहील, पण त्याची घडण पुन्हा कधीच उलगडणार नाही.

यादीचे मोल :

मूस यांनी ज्याचे नाव घराला दिले, त्या रेम्ब्राँटच्या ॲम्स्टरडॅम येथील घराचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. रेम्ब्राँटने ते घर १६३९ मध्ये खरेदी केले. १६५६ मध्ये तो कर्जबाजारी झाला, तेव्हा देणेकऱ्यांसाठी त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी करण्यात आली. घर विकले गेले, वस्तू विखुरल्या. १९११ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस खोल्यांची पुनर्मांडणी झाली, ती त्या यादीच्याच आधारे. जप्तीचा कागद साडेतीन शतकांनंतर कलेतिहासाचे साधन ठरला! दुसरे उदाहरण चित्रकार फ्रान्सिस बेकन याचे. त्याचा लंडनमधील अस्ताव्यस्त स्टुडिओ १९९८ मध्ये डब्लिन येथील ह्यू लेन कलादालनास देण्यात आला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खननाप्रमाणे प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून सात हजारांहून अधिक वस्तू तेथे नेल्या व २००१ मध्ये स्टुडिओ जसाच्या तसा उभा केला.

चाळीसगावचे भाग्य असे, की येथे वास्तू व संग्रह एकाच ठिकाणी आहेत. स्थलांतराची वेळ आलेली नाही. परंतु अशा प्रत्येक वास्तूत वस्तूचे वर्णन, मोजमाप व छायाचित्र यांबरोबरच तिची जागा, म्हणजे खोली, भिंत, फडताळ आणि शेजारच्या वस्तू, यांची नोंद असणे अत्यावश्यक आहे. ही नोंद डागडुजीच्या आधी व्हावयास हवी, नंतर नव्हे.

छायाचित्रे व ऋणपत्रिका यांचा प्रश्न याहून नाजूक असतो. छायाचित्राच्या कागदावरील जिलेटिनचा थर पावसाळ्यात आर्द्रता शोषून फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. खानदेशात पारा ४३ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा ताण अधिकच वाढतो. दमट हवेत बुरशी धरते. ॲसिटेट प्रकारच्या जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, की तिचे विघटन सुरू झाले असे समजावे. प्रत्येक ऋणपत्रिका आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात, लाकडी कपाटाऐवजी पोलादी कपाटात ठेवणे, थेट ऊन टाळणे, उघड्या बोटांनी स्पर्श न करणे, हे उपाय फार खर्चिक नाहीत. संगणकीय प्रत अवश्य काढावी. तथापि ती मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही.

कागद जपण्याची परंपरा खानदेशास नवी नाही. धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून व समर्थ वाग्देवता मंदिर १९३५ पासून दप्तरे, पोथ्या आणि हस्तलिखिते सांभाळीत आहेत. बाडांना जी दृष्टी लाभली, ती विसाव्या शतकातील ऋणपत्रिका, मेज आणि दिवे यांना मात्र अद्याप पुरेशी लाभलेली नाही.

अध्यापनातील उपयोग :

अशा वास्तूची भेट तासाभरात उरकणारी नसावी. विद्यार्थ्यांना प्रथम कलाकृती न दाखवता खोल्यांतील खिडक्या व प्रकाश कोठून येतो ते पाहण्यास सांगावे. त्यानंतर एकेका गटाला एक टेबल टॉप छायाचित्र नेमून द्यावे आणि त्यात कोणत्या सामग्रीचा उपयोग झाला असावा, प्रकाश कोणत्या बाजूने टाकला असावा, याचा लेखी तर्क मांडावयास लावावा. महाविद्यालयात परतल्यावर तीच रचना मेजावर करून पाहिली, तर पदार्थविज्ञान व कला या दोन विभागांना एकत्र बसण्याचे निमित्तही मिळेल.

इतिहास विभागासाठी याहून तातडीचे एक काम आहे. मूस यांच्या निधनास पस्तीसहून अधिक वर्षे लोटली. त्यांना प्रौढ वयात पाहिलेली, त्यांच्या घरी गेलेली माणसे आता वृद्धत्वाकडे झुकली आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करताना पंजाब मेलची कथा पुन्हा एकदा नोंदविण्यापेक्षा, प्रतिष्ठानाच्या अनुमतीने त्यांना त्या खोल्यांतच न्यावे आणि कॅमेरा कोठे उभा असे, मेज कोणत्या खिडकीशी असे, दिवा कोणत्या हाताला ठेवला जाई, हे त्या त्या जागी उभे राहूनच विचारावे.