धातूतील हायड्रोजनचे वाचन

जुन्नर तालुक्यातील घाटघरनजीकच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आपणांस परिचित असेल. ब्राह्मी लिपी उलगडल्यावरच त्या रेषांना अर्थ प्राप्त झाला. पदार्थाच्या अंतरंगाचीही अशीच एक लिपी आहे. तिला वर्णपट म्हणतात. पदार्थावर प्रकाश, क्ष-किरण वा न्यूट्रॉन सोडले असता होणाऱ्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीची क्रमवार मांडणी म्हणजे वर्णपट होय. अणुभट्टीच्या सुरक्षिततेशी या वाचनाचा कसा संबंध येतो, ते आता पाहू.

समस्येचे स्वरूप

तारापूर येथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत इंधन आडव्या दाबनलिकांत ठेवलेले असते. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारच कमी शोषत असल्यामुळे या नलिका त्याच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांतून अतिशय तप्त जड पाणी मोठ्या दाबाखाली वाहते. झिर्कोनियम पाण्यातील ऑक्सिजन घेते आणि मोकळा झालेला ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड समस्थानिक, अंशतः धातूत शिरतो. धातू तप्त असताना तो थोडाफार विरघळलेला राहतो. धातू थंड होताच झिर्कोनियम हायड्राइडच्या सूक्ष्म चकत्या तयार होतात. या चकत्या ठिसूळ असतात. ताण पडल्यास त्यांच्या आधारे भेग पुढे सरकते.

हा धोका काल्पनिक नाही. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग येथील दुसऱ्या अणुभट्टीची एक दाबनलिका चालू स्थितीत फुटली. ती वाकून बाहेरील थंड नळीला टेकली होती आणि त्या थंड जागी हायड्राइडचे फोड साचले होते. भारतातील सुरुवातीच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही त्याच प्रकारच्या नलिका असल्याने हा प्रश्न आपलाही ठरला.

हायड्रोजन किती आहे?

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने नलिका न काढता तिच्या आतील पृष्ठभागावरून धातूचा पातळ कीस खरवडून घेण्याची पद्धत विकसित केली. असा कीस निर्वातात तापवला की वायू बाहेर पडतो आणि वस्तुमान वर्णपटमापक त्याचे रेणू वजनानुसार वेगळे करतो. साध्या हायड्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २, ड्यूटेरियमच्या रेणूचे ४. म्हणून निर्मितीच्या वेळचा हायड्रोजन किती व पाण्यातून आलेला ड्यूटेरियम किती, हे समजते.

तो कोणत्या रूपात आहे?

वायू बाहेर काढताना हायड्राइड मात्र नष्ट होते. त्याची रचना जाणण्यासाठी न्यूट्रॉन उपयोगी पडतात. हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉन मात्र थेट अणुकेंद्राकडून विखुरले जातात. हायड्राइडमध्ये चार झिर्कोनियम अणूंच्या मधोमध हायड्रोजनचा अणू कंप पावतो. त्याला धडकणारा न्यूट्रॉन सुमारे ०.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गमावतो आणि वर्णपटात तेथे शिखर उमटते. शिखराच्या स्थानावरून व आकारावरून बंधाचे स्वरूप कळते. न्यूट्रॉन वर्णपटविज्ञानासाठी बर्ट्रम ब्रॉकहाउस यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यासमवेत कॅनडात काम केलेले डॉ. पी. के. अय्यंगार यांनी ही विद्या तुर्भे येथे रुजवली. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘ध्रुव’ अणुभट्टी आज अशा संशोधनास न्यूट्रॉन पुरवते.

सारांश, पहिले वाचन प्रमाण सांगते, तर दुसरे रूप. नलिका आणखी चालवावी की बदलावी, हा निर्णय घेताना प्रमाणाचा आकडा हाती लागतो. त्या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी हायड्राइडच्या स्वरूपाचे ज्ञान आवश्यक असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : हायड्रोजनचा शोध घेताना क्ष-किरणांपेक्षा न्यूट्रॉन अधिक उपयुक्त का ठरतात?